सर्वानुमते

७ जुलै, सोमवार

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून अहवाल हातात दिला. "तुमचं नाव आहे की यात! बोलला नाहीत कधी."

बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून बोलले नाही. आता आहे.

आमची कर्णबधिर शाळा आणि पलीकडची अंध शाळा, दोन्ही सरकारी, एक करायच्या. इमारत आमची, मुख्याध्यापक एक, वर्ग एकत्र. जागा पुरणार नाही म्हणून आमच्या मोठ्या मुलींचं वसतिगृह शहराबाहेर. शेवटच्या पानावर: 'वरील शिफारशी समितीने सर्वानुमते केल्या आहेत.' खाली पाच सह्या. चौथी माझी.

सही माझीच आहे. त्या पानावर केलेली नाही. पहिल्या बैठकीत हजेरीपत्रकावर सही करताना पेन अडकलं, म्हणून 'ओव्हाळ'मधला ळ दोनदा गिरवला होता. हाच तो ळ. कापून, चिकटवून, झेरॉक्स.

विरोधाची तीन पानं लिहून दिली होती. ती परिशिष्टात नाहीत, यादीत नाहीत, कुठेच नाहीत.

नंतर नववीचा तास. या मुलांपासून चेहरा लपवता येत नाही. रेश्माने हात वर केला आणि खुणेने विचारलं, कोण मेलं?

कुणी नाही, म्हटलं. अजून.

८ जुलै, मंगळवार

अर्धी रजा टाकून खात्याच्या कचेरीत. समितीचा सचिव श्रीकांत जोग. आता मोठा साहेब, दारावर पाटी, टेबलावर काच.

"या या, बाई. चहा सांगू?"

"माझी तीन पानं कुठायत?"

"कुठली पानं?"

"विरोधाची. टपालात दिली होती. तुमच्या पोकळेंनी शिक्का मारून पोच दिली आहे."

"हां, ती. अहो, ती आम्ही अभिप्राय म्हणून धरली. सगळ्यांचे अभिप्राय जोडत बसलो तर अहवालाचं बाड होईल."

"आणि सर्वानुमते?"

"साधारणपणे सर्वानुमते."

"साधारणपणे मेलेला माणूस बघितलाय का तुम्ही?"

हसला. मोकळेपणाने, जुन्या ओळखीचं हसला. म्हणाला, "तुमच्या नावामुळे अहवालाला वजन आलं बाई, खरंच." जानेवारीत समितीवर घेतानाही म्हणाला होता, तुमच्यासारखं कुणीतरी हवंच. 'तुमच्यासारखं' म्हणजे कसं, हे मी तेव्हा विचारलं नाही. शिकवणारं, असा अर्थ धरला. मूर्ख मी.

सही विसरले असते कदाचित. हसणं विसरणार नाही.

१० जुलै, गुरुवार

माहिती अधिकाराचा अर्ज दिला. हजेरीपत्रकं, टिपण्या, अहवालाची मूळ प्रत, सगळं मागितलंय. खिडकीवर पोकळेच होते. अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला. शिक्का मात्र लगेच मारला.

येताना बसमध्ये आठवत होतं. एकवीस वर्षांपूर्वी जोग शेजारच्या वर्गावर आला. नारायण पेठेतून सायकलवर यायचा. हातांना काहीच येत नव्हतं, मुलं त्याच्यासमोर त्याचीच नक्कल करायची. रविवारी आमच्या घरी येऊन बसायचा. माझा धाकटा भाऊ सुधीर, जन्मापासून ऐकू येत नाही, तो खुणा करून दाखवायचा, मी अर्थ सांगायची. वर्षभर. आईच्या हातचं सुकट खाऊन म्हणायचा, घरी कळू देऊ नका. आम्ही कळू दिलं नाही. आमच्याकडे गोष्टी राहतात.

मुलांनी त्याला नाव ठेवलं होतं: नाकावरून चष्मा वर सरकवायचा. ही त्याची खूण. सुधीर अजून त्याला तसंच म्हणतो. आज जेवताना विचारलं त्याने, चष्मा कसा आहे?

जाड झालाय, म्हटलं.

१३ जुलै, रविवार

घाटे सरांकडे गेले. अंध शाळेत गणित शिकवतात, स्वतःला दिसत नाही. दोन्ही शाळांच्या क्रीडादिनाला वर्षानुवर्षं शेजारी बसतो, म्हणून हक्काने गेले. वाटलं, हे तरी माझ्या बाजूचे.

"मी एकत्रीकरणाच्या बाजूने आहे," म्हणाले. सरळ. कॉफीचा पहिला घोटही झाला नव्हता.

"सर, तुम्हीसुद्धा?"

"आमच्याकडे विज्ञानाला शिक्षक नाही. इतिहासाच्या बाई ध्वनी शिकवतात. तुमच्याकडे विज्ञानाचे दोन आहेत, त्यातल्या एक तुम्ही."

"आम्ही हातांनी शिकवतो. तुमच्या पोरांना काय दिसणार?"

"आणि मी तोंडाने शिकवतो, तुमच्या पोरांना काय ऐकू येणार? तेवढी अक्कल आहे हो मला. पण तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला शिक्षक मिळणार आहे का? दहा वर्षं अर्ज करतोय."

सहीचं सांगितलं. ऐकून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हे वाईटच. पण एक विचारू? तुम्ही एकत्रीकरणाच्या विरोधात आहात की जोगांच्या?"

"दोन्हीच्या."

"आधी कुणाच्या?"

कॉफी संपवून निघाले. आंधळ्या माणसाने एवढं बघू नये.

१९ जुलै, शनिवार

जोगचा फोन. गुरुवारी जनसुनावणी. दोन्ही शाळांचे पालक, मोठी मुलं, आमदारसाहेब. "दुभाषी म्हणून तुम्हीच हव्यात बाई. दुसरं कोण आहे पुण्यात तुमच्या तोडीचं? झालं गेलं ते..."

वाक्य पूर्ण केलं नाही त्याने. माझ्यावर सोडलं.

"येते," म्हटलं. फार गोड म्हटलं. सुधीर समोर होता, त्याने विचारलं, हसतेस का?

२३ जुलै, बुधवार

उद्याचं भाषण आगाऊ पाठवलंय, तयारीसाठी. दुसऱ्या पानावर तेच वाक्य. 'समितीने सर्वानुमते.' म्हणजे हे माझ्या हातांनी बोलायचं. सगळे – हो. माझी दोन बोटं, माझा तळहात, आणि तिथे बसलेल्या प्रत्येक मुलाला वाटणार, बाईंनी हो म्हटलं.

फिकट साडी इस्त्री केली. हात उठून दिसायला हवेत.

२४ जुलै, गुरुवार

सगळं लिहून ठेवते, एकही क्षण जायला नको.

सभागृह भरलेलं. सुधीर सकाळी स्वारगेटला जाऊन भोरहून आलेल्या रेश्माच्या वडिलांना घेऊन आला. डावीकडे आमची मुलं, उजवीकडे घाटे सर आणि त्यांची. व्यासपीठावर जोग, दोन अधिकारी, आमदारसाहेब. मी कडेला उभी.

आमदारसाहेब म्हणाले, ही देवाची लेकरं, एकमेकांचे डोळे-कान होतील. मी जसंच्या तसं सांगितलं. रेश्माने जांभई दिली. मग एक माजी नगरसेवक उठले, दुसऱ्या पक्षाचे, "अंध शाळेची जागा कुणाच्या घशात घालताय ते आधी सांगा!" टाळ्या, घोषणा. त्यांना शाळेचं नावही नीट घेता आलं नाही. तेही सांगितलं.

मग जोग वाचायला लागला. पहिलं पान नीट. दुसरं पान. ते वाक्य आलं.

मी हात खाली घेतले.

तो पुढे वाचत गेला. डावी बाजू माझ्याकडे बघतेय, मी पुतळा. अर्ध्या मिनिटाने त्याच्या लक्षात आलं. "बाई?"

मी माईक ओढला. "हे वाक्य माझ्या हातांनी होणार नाही. मी त्या समितीत होते आणि मी हो म्हटलेलं नाही. जोग सरांनी स्वतः सांगावं. त्यांना खुणांची भाषा येते. मीच शिकवली आहे."

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, उजवीकडे तरी. आमदारसाहेब त्याच्याकडे वळून कौतुकाने, "अरे वा, येते तुम्हाला? मग दाखवा की!"

उठला. काय करणार. दोन्ही हात वर केले. अंध, बरोबर जमलं. बधिर, जमलं. मग 'एकत्र' म्हणून एक हात दुसऱ्या हातात धरला आणि हलवला. आमच्यात ती लग्नाची खूण. अंध शाळा, बधिर शाळा, लग्न. वर परत 'सर्वानुमते'च्या जागी, सगळे खूश.

नववीच्या मुली बाकांवर आडव्या. सुधीरच्या डोळ्यांतून पाणी. मागून कुणीतरी खुणेने विचारलं, जेवण कधी? जोगचा चेहरा कानापर्यंत लाल. त्याने चष्मा वर सरकवला, आणि त्याबरोबर दुसरा हशा.

मी उतरून सुधीरशेजारी जाऊन बसले. पुढचं कुठल्यातरी अधिकाऱ्याने वाचून संपवलं. मी जोगकडे बघत होते. त्याने एकदाही वर बघितलं नाही.

बाहेर घाटे सरांनी आवाजावरून ओळखलं. "काय झालं हो आत? शांतता, मग हशा. कुणी पडलं का?"

सांगितलं. मजा घेऊन सांगितलं.

"अस्सं," म्हणाले. "म्हणजे आम्ही वीस जण भिंतीकडे तोंड करून बसलो होतो आणि तुम्ही दोघं हातांनी भांडत होतात. छान."

त्यांचं काय जातं.

२६ जुलै, शनिवार

कुणीतरी व्हिडिओ काढलाय. सगळीकडे फिरतोय. जुन्या मुलांचे व्हिडिओ कॉल, नाशिकहून, साताऱ्याहून, सगळे हात जोडून 'लग्न, लग्न'. मुलांनी जोगची खूण बदलली म्हणे. आता चष्मा नाही, लग्न.

शांत झोपले. बऱ्याच दिवसांनी.

२९ जुलै, मंगळवार

रेश्मा स्टाफरूमच्या दारात. हातात नोटीस बोर्डवरून काढलेला कागद. 'सुनावणीत जाहीर केल्याप्रमाणे हरकती सात दिवसांत लेखी द्याव्यात. मुलींचे वसतिगृह दिवाळीच्या सुट्टीनंतर हलवण्यात येईल.'

हे कधी सांगितलं? तिने विचारलं.

सुनावणीत.

मी तिथे होते. मला नाही सांगितलं कुणी.

शेवटच्या भागात सांगितलं. मी बसल्यावर.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक खूण सुटी करत, लहान पोराला सांगावं तशी: तू ऐकलंस?

खोटं बोलता आलं असतं. ऐकलं, म्हटलं. पण लक्ष नव्हतं. मी रागात होते.

राग तुझा, तिने म्हटलं. आमचा कान तू.

निघून गेली. बोलावलं तर बघायला वळली नाही, आणि पाठ फिरवलेल्या मुलाला आम्ही हाक मारू शकत नाही.

सात दिवस म्हणजे परवा.

३१ जुलै, गुरुवार

दोन दिवस तेच. पालकांना फोन, जे ऐकू शकत नाहीत त्यांना व्हिडिओ. सुधीरने बेकरीतून सुट्टी घेतली, दारोदार हिंडला. मुलांनी स्वतः लिहिलं. रेश्माचं असं: 'मी शाळा इथे. मैत्रीण इथे. वसतिगृह लांब नको. मला विचारले नाही का?' व्याकरण सुधारायला पेन उचललं आणि ठेवलं.

खिडकी बंद व्हायच्या वेळी पोहोचले. पोकळे कुलूप लावत होते. गठ्ठा बघून खिडकी परत उघडली. एकेका कागदावर शिक्का, आजची तारीख, न कंटाळता. "पंखा बंद केलाय बाई, घाम पुसा," म्हणाले.

रेश्मा सोबत होती. माझ्याशी बोलली नाही. पोकळेंना खुणेने धन्यवाद म्हटलं.

६ ऑगस्ट, बुधवार

माहिती अधिकाराचं पाकीट आलं. स्टाफरूममध्ये फोडलं नाही. घरी येऊन, हात धुऊन, पुसून.

हजेरीपत्रक, गिरवलेला ळ. मूळ अहवालाचं शेवटचं पान, चौथी सही चिकटवलेली, डिंकाचा पिवळा डाग झेरॉक्समध्येही दिसतोय. आणि टिपणी: 'सदस्या श्रीमती ओव्हाळ यांची स्वाक्षरी प्रथम बैठकीच्या हजेरीपत्रकावरून घ्यावी, चर्चेप्रमाणे.'

अक्षर पोकळेंचं. खाली सही पोकळेंची. जोगची सही कुठेच नाही. कोणाशी चर्चा, ते नाही.

चर्चेप्रमाणे. एकवीस वर्षांत साहेब हे शिकला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शाळा सुटताना पोकळे फाटकाशी. स्कूटर स्टँडवर, हेल्मेट हातात.

"पाकीट मिळालं ना?"

"मिळालं."

"तक्रार करणार?"

"करणार."

"करा. करायलाच पाहिजे. मी मार्चला रिटायर होतोय, एवढंच सांगायला आलो. साहेब बोलले, मी लिहिलं. आता ते म्हणतील मी बोललो नाही. मग उरलं काय? माझं अक्षर."

"मग चौकशीत सांगा तसं. तोंडावर सांगा त्याच्या."

हेल्मेट फिरवत राहिले. "तुमचं बरंय बाई. तुम्हाला राग येतो."

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज 'प्रायोगिक संयुक्त दिवस'. खात्याचा आदेश. अंध शाळेचे दोन वर्ग व्हॅनने आले.

आमच्याकडे घंटा नाही, दिवा लागतो. दिवा लागला, चौथीची मुलं सुसाट सुटली. समोरून घाटे सरांची विद्यार्थिनी येत होती, अंजू, आठवीतली, भिंतीला हात लावून. आमच्या मुलांना तिच्या काठीचा आवाज नाही, तिला 'बाजूला' म्हणून ओरडणारं कुणी नाही. पडली. ओठ फुटला. फरशीवर रक्त.

मला पहिल्या क्षणी जे वाटलं ते लिहिते, कारण कुणाला सांगणार नाही. वाटलं, बरं झालं. आणि मुलीला उचलायच्या आधी मी मोबाइल काढून फोटो घेतला.

मग उचललं. धुतलं, बर्फ लावला. रडली नाही पोरगी. "कुणाला लागलं तर नाही ना माझ्यामुळे?" म्हणाली.

दुपारी बघते तर व्हरांड्याच्या पायरीवर रेश्मा आणि अंजू. रेश्मा तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतेय. अंजू मोठ्याने वाचतेय, "स... ऑ... सॉरी?" आणि हसतेय. मग तिने रेश्माचा हात घेतला, चाचपत, वाकडंतिकडं काहीतरी काढलं. अंध मुलांना आपली अक्षरं कोण शिकवतं? घाटे सर म्हणाले, तेच शिकवतात, सही करता यावी म्हणून.

तासभर चाललं होतं. सगळे कौतुकाने बघत होते. अधिकाऱ्याने व्हिडिओ काढला.

मला ते आवडलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जोग शाळेत आला. उद्याच्या झेंडावंदनाची रंगीत तालीम मैदानावर, वर्ग रिकामे. मी फळा पुसत होते. दारात उभा राहिला, आत ये म्हणायची वाट बघत. म्हटलं नाही. आला.

"तो व्हिडिओ माझ्या मुलीच्या कॉलेजात पोचला. ती बोलत नाही माझ्याशी."

"खुणा शिकव तिला."

"सुनंदा, झालं ना तुझं समाधान?" अहोजाहो सुटलं होतं. माझंही.

"नाही. तुझी खुर्ची जाईल तेव्हा होईल."

खाली लहान बाकावर बसला. गुडघे वर. म्हणाला, एकत्रीकरण त्याच्या डोक्यातून आलेलं नाही, वरून आलंय. त्याने फक्त लिहून दिलं. एकमत नसेल तर फाइल परत येते, आणि परत आलेली फाइल घेऊन वर जायची त्याची छाती नाही. "तुला काय माहीत वर काय असतं."

"मला खाली काय असतं ते माहितेय."

मग मुद्द्यावर आला. तक्रार करू नकोस. तुझी तीन पानं जोडतो, 'सर्वानुमते'चं 'बहुमताने' करतो. आणि मुलींचं वसतिगृह निदान दोन वर्षं हलत नाही, शब्द देतो.

"लेखी दे."

"लेखी कसं देणार? ही कामं चर्चेने होतात."

तो शब्द उच्चारायला नको होता त्याने. मी दार दाखवलं. डस्टर हातातच होतं, त्याच्या शर्टाला खडू लागला. मुद्दाम लावला.

आता दोन तास झाले. मुलींचं वसतिगृह वाचत होतं. शब्द खोटा असेल. खरा असता तर? रेश्माला यातलं काही सांगितलेलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

तक्रार दिली. बनावट स्वाक्षरी, जोगचं नाव, पोकळेंची टिपणी जोडून. पोकळेंची टिपणी न जोडता पुरावाच नाही. तीनदा काढली, तीनदा लावली.

संध्याकाळी त्या माजी नगरसेवकांचा फोन. "बाई, प्रयोगाच्या दिवशी काही अपघात झाला म्हणे? फोटो आहे का?"

पाठवला.

२० ऑगस्ट, बुधवार

पेपरात पहिल्याच पानावर. फरशी, रक्त, अंजूचा अर्धा चेहरा. मथळा: 'बधिर मुलांच्या धक्क्याने अंध मुलगी जखमी'.

बधिर मुलांच्या. माझ्या चौथीच्या. त्यातल्या एकाची आई शाळेत येऊन रडली, नऊ वर्षांचं पोर, त्याने काय केलं? मी पाणी दिलं तिला. फोटो कुणी दिला हे तिने विचारलं नाही.

घाटे सरांचा फोन. आवाज चढवत नाहीत कधी, आजही नाही.

"माझ्या मुलांना फोटो दिसत नाहीत म्हणून काढलात का?"

"सर, तुमच्याच मुलांसाठी..."

"माझ्या मुलांसाठी विज्ञानाचा शिक्षक मागा, बाई. रक्त आम्ही देऊ, तुम्हाला लागेल तेवढं."

ठेवला.

२५ ऑगस्ट, सोमवार

खात्याचा पहिला निर्णय आला. पोकळे निलंबित. जोगला 'म्हणणे मांडण्याची संधी'.

एकत्रीकरणाबद्दल 'पुढील आदेशापर्यंत' असं काहीतरी. रद्द नाही, सुरू नाही. आमदारसाहेब म्हणतात होणारच, माजी नगरसेवक म्हणतात आम्ही रोखलं. कुठल्याच बातमीत मुलांबद्दल ओळ नाही.

सुधीर खिडकीच्या काचेला तळहात लावून उभा. खाली पथकाचा ढोलांचा सराव. त्याला काचेतून येतं. मला म्हणाला, पोकळे चांगला माणूस. तू हे का केलंस?

मी नाही, जोगने केलं.

त्याने मान हलवली आणि परत काचेकडे वळला. रेश्मानंतर हे दुसऱ्यांदा लिहिते, पाठ फिरवलेल्या माणसाशी बोलता येत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

गणपतीची सुट्टी. रेश्माचा मेसेज, सगळ्यांना. हरकतींवर पंधराला दुसरी सुनावणी ठरलीय, तिला मुलांनी कोल्हापूरहून दुभाषी बोलावलाय. तरुण मुलगा, आई-वडील दोघंही बधिर. 'ओव्हाळ बाई छान. पण त्या दिवशी बाई भांडतात. आम्हाला पूर्ण पाहिजे.'

बरोबर आहे. चार वेळा वाचलं तरी बरोबरच होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

चौकशी. बाहेरच्या जिल्ह्यातल्या अधिकारी बाई, शांत, पेन्सिलने लिहिणाऱ्या. एका खुर्चीत मी, एकीत पोकळे, एकीत जोग.

पोकळेंना आधी विचारलं. "टिपणी तुमची?"

"हो."

"चर्चा कोणाशी?"

पोकळेंनी जोगकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता बोला. खुर्चीचा हात घट्ट धरला मी.

"आठवत नाही, मॅडम. घाई होती. माझीच चूक."

जोगने चष्मा काढून पुसला.

"ओव्हाळ बाई, तुमचं म्हणणं?"

"जोग."

"पुरावा?"

"मी त्यांना एकवीस वर्षं ओळखते."

अधिकारी बाईंनी पेन्सिल उचललीही नाही. "पुढची तारीख कळवू."

जिन्यात पोकळेंना गाठलं. का, विचारलं. म्हणाले, "साहेबांनी शब्द दिलाय, निलंबन उठवतो म्हणून. तुम्ही काय देणार होतात?"

जोग मागून उतरत होता. आमच्याजवळून गेला. थांबला नाही. मला त्याला ढकलावंसं वाटलं. जिना उंच होता. हेही लिहून ठेवते.

९ सप्टेंबर, मंगळवार

नववीचा पहिला तास. विज्ञान होतं, पुस्तक बंद केलं. सगळं सांगितलं, कान म्हणून सांगायला हवं होतं तसं, सुरुवातीपासून, काहीही न गाळता. सही. पोकळे. कालची चौकशी. मग फोटो, मी दिला. हे सांगताना शेवटच्या बाकावरचे दोघं उठून उभे राहिले, त्यातल्या एकाचा भाऊ चौथीत आहे. मग वसतिगृह. जोग म्हणाला होता दोन वर्षं हलवणार नाही, मी नाही म्हटलं.

का?

त्याची खुर्ची हवी होती मला.

मिळाली?

नाही.

अजून हवी?

हो, म्हटलं. मुलांशी खोटं बोलायची सवय नाही, आणि ते खरंच आहे. आजही सकाळी उठल्यावर पहिलं तेच आलं मनात. पुढची तारीख, पुढचा अर्ज, कुणाला भेटायचं, काय बोलायचं.

मुलींनी आपसात भराभर बोलून घेतलं, माझ्याकडे पाठ करून, मला दिसू नये म्हणून. मग रेश्मा उठून पुढे आली. तिचा चेहरा रागाचा नव्हता. कामाचा होता. पंधराला सुनावणी आहे, तिने सांगितलं. कोल्हापूरचा दुभाषी आमचं बोलेल. अंजू येणार, घाटे सर येणार, त्यांचं वेगळं आहे, ते मांडतील. विज्ञानाचे शिक्षक दोन्ही शाळांना पाहिजेत असं अंजू आणि मी मिळून सांगणार. वसतिगृहाचं तुला माहीत होतं ते तू तिथे उभी राहून सांगशील? तू नाही म्हटलंस, तेसुद्धा? जोगसमोर?

जोगसमोर. म्हणजे तो बसणार, आणि मी उभी राहून सांगणार की हा माणूस एक बरी गोष्ट द्यायला तयार होता.

विचार करते, म्हटलं.

तिने फळ्यावरच्या कोपऱ्यात १५ लिहिलं, खाली रेघ मारली, आणि जागेवर जाऊन पुस्तक उघडलं. पान अठ्ठेचाळीस. बाकीच्यांनीही उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.